उशाजवळचा धागा

१

आमच्या घरी एसी आला तो चाकांवर बसून. भिंतीला भोक पाडायला घरमालकाची सक्त मनाई होती, त्यामुळे भिंतीवरच्या एसीचा प्रश्नच नव्हता. मग दुकानदाराने हा दाखवला. कमरेएवढा उंच, पांढरा, पाठीतून निघालेला जाडजूड पाइप. पाइप खिडकीबाहेर सोडायचा, खिडकीच्या उरलेल्या फटीत सोबतची पट्टी बसवायची, की झालं काम. "हव्या त्या खोलीत ढकलत न्या," तो म्हणाला. आमच्याकडे मुळात खोल्या दोन. त्यातली एक माझ्या शिवणाची, तिला दार नाही, नुसती कमान. तिथे थंडावा टिकण्याची सोय नव्हती, म्हणून एसी बाबांच्या खोलीत गेला आणि तिथेच राहिला.

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले होते. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर गच्ची, आणि उन्हाळा असा की दुपारी नळाचं पाणी तसंच चहाला चाललं असतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "खोली सत्तावीसच्या वर जाऊ देऊ नका. उकाडा या हृदयाला झेपायचा नाही." मी कपडे दुरुस्तीचं काम करते. पँट आखूड करणं, झिप बदलणं, बारीक झालेल्यांचे कपडे आत घेणं. जे माझ्या हातात आहे ते मी नीट करते, आणि जे हातात नाही त्याच्यावर चिडते. उन्हाळा माझ्या हातात नव्हता, एसी होता.

बाबा तीस वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन सांभाळायचे. त्यांनी खाटेवरूनच नव्या यंत्राला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"टाचणी, हे खोलीतली हवा ओढून बाहेर फेकणार," ते म्हणाले. लहानपणापासून ते मला टाचणीच म्हणतात, मी टोचून बोलते म्हणून. "जेवढी बाहेर जाईल तेवढी कुठूनतरी आत येणारच. फटींमधून येईल, बाहेरची, तापलेली. आधी फटी शोध."

"शोधू कशा?"

"धाग्याने. तुझ्याकडे धाग्यांना काय तोटा?"

२

मी खोलीभर धागे लावले. पांढऱ्या सुती धाग्याचे वीतभर तुकडे, वरच्या टोकाला चिकटपट्टी, खालचं टोक मोकळं. दाराखाली, खिडकीच्या चौकटीला, दिव्याच्या बटणांशी, आणि एक बाबांच्या उशाजवळ. त्यांच्या खाटेची लांब बाजू भिंतीला टेकलेली होती आणि त्या भिंतीत, बरोबर उशाच्या वर, एक बंद पडलेला प्लग होता. वायरच्या नळीतूनही हवा येते, असं बाबांचं म्हणणं.

एसी सुरू झाला आणि धागे एकेक करून खोलीच्या आत झुकले. दाराचा तर पार आडवा झाला. मी कंबर कसली. खिडकीला टेप, बटणांना टेप, प्लगला टेप. दाराच्या फटीसाठी चिंध्या भरून एक लांबलचक पिशवी शिवली. बाबांनी तिचं नाव अजगर ठेवलं. दार लावून बाहेरून अजगर सरकवला की आतल्या ओढीने तो आपोआप फटीला चिकटून बसायचा. संध्याकाळपर्यंत खोली चोवीसवर आली आणि धागे बहुतेक सरळ लोंबायला लागले. बाबा खूश झाले, मी त्याहून जास्त.

बाबांचा एकच हट्ट होता. कोल्ड स्टोरेजचं दार बंद करण्याआधी तीन ठोके द्यायचे आणि वीस आकडे मोजायचे, हा तिथला नियम. आत चुकून कोणी राहिलं असेल तर ते उलट ठोका देईल. "मी एकदाही चुकवलं नाही," बाबा म्हणायचे. तेव्हा मीही दार लावताना तीन ठोके द्यायचे आणि आतून बाबा काठीने खाटेच्या लोखंडी दांडीवर एक ठोका द्यायचे. टण्. मी आहे, एवढाच त्याचा अर्थ. दिवसातून दहा वेळा हा खेळ व्हायचा. सुरुवातीला मला हसू येई. नंतर नंतर तो टण् ऐकल्याशिवाय माझा पाय मशीनवर पडेना.

३

चौथ्या दिवशी मी दुपारचं औषध घेऊन गेले तर बाबा कुशीवर वळून भिंतीकडे बघत होते.

"हा धागा बघ."

उशाजवळचा धागा हलत होता. मी म्हटलं, टेप सुटली असेल. बोट फिरवून पाहिलं, टेप घट्ट होती.

"हलतोय ते सोड. कुठे हलतोय ते बघ. फटीतून हवा आली तर धागा खोलीकडे ढकलला जाईल. हा भिंतीला चिकटतोय."

खरंच. धागा हळूच भिंतीला चिकटायचा, क्षणभर तसाच राहायचा, मग सुटून लोंबायचा, आणि पुन्हा चिकटायचा. कोणीतरी त्याला खोलीच्या बाजूने दाबत असल्यासारखा. एसीचा झोत आमच्या डोक्यावरून जात होता आणि तो एकसारखा होता, थांबत नव्हता. बाकीचे सगळे धागे स्तब्ध होते.

"मिनिटाला चौदा," बाबा म्हणाले. "सकाळपासून मोजतोय. दुसरा उद्योग काय आहे मला?"

"तुमचाच श्वास लागत असेल त्याला."

"लागला असता. पण मी तुझ्याकडे तोंड करून झोपलो तरी तो हलतो. माझे तर मिनिटाला वीस होतात."

त्या भिंतीपलीकडे आमचं स्वयंपाकघर. मी सगळे डबे खाली काढले, फळी पुसली, भिंतीवर तळहात फिरवत गेले. ना तडा, ना भोक. मी स्वतःशी म्हटलं, काहीतरी असणार, आपल्याला कळत नाही इतकंच. मग डबे परत लावले आणि एका जाड्या गिऱ्हाइकाची पँट उसवायला घेतली. त्या दिवशी मी ती दोनदा चुकीची उसवली.

४

एसीच्या पोटात एक टाकी असते. हवेतली वाफ गार होऊन तिचं पाणी त्या टाकीत साठतं. टाकी भरली की यंत्र पीं पीं करतं आणि थांबतं. पहिले तीन दिवस मी ती रोज सकाळी एकदा ओतायची, तीही अर्धीच भरलेली. पाचव्या दिवशी सकाळी ओतली आणि दुपारी एकलाच पीं पीं. सहाव्या दिवशी तीन वेळा.

"बादलीत ओत, मला बघू दे," बाबा म्हणाले. त्यांनी बादलीत काठी बुडवून पाणी किती ते बघितलं. मग नेहमीच्या सुरात सांगायला लागले, जणू नव्या कामगाराला शिकवताहेत. "बाहेरची हवा कोरडी ठणठणीत आहे. ओठ फुटताहेत तुझे. मग हे पाणी आलं कुठून? बंद खोलीत पाणी येतं ते माणसाच्या श्वासातून. आमच्याकडे आत माणसं जास्त वेळ राहिली की नळ्यांवर बर्फ भराभर चढायचा. बर्फ बघून मी सांगायचो, आत दोन जण आहेत की तीन."

"बरं, मग?"

"मग हे माझ्या एकट्याचं पाणी नाही."

मी बादली उचलली आणि न्हाणीत ओतून आले. माणूस आजारी पडला की त्याचं मन भलतीकडे धावतं, हे मला ठाऊक होतं. शिवाय यंत्र नवं, एखादी नळी कुठे गळत असेल. मी दुकानात फोन केला. मेकॅनिक आला, त्याने मागचं झाकण उघडलं, जाळी झटकली, पाण्याची नळी फुंकून बघितली. "मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "फक्त एवढ्या लहान खोलीत जास्त माणसं बसवू नका."

"एकच असतात, हे."

"मग कपडे वाळत घालत असाल."

मी म्हटलं, नाही घालत. त्याने खांदे उडवले आणि गेला.

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट मी पाहत होते, पण तिला काही किंमत देत नव्हते. बाबा झोपेत खाटेच्या कडेला यायचे. माझ्या बाजूच्या, अगदी पडतील इतके. भिंतीकडची अर्धी खाट रिकामी. मी त्यांना मध्ये सरकवायचे आणि तासाभराने बघावं तर ते पुन्हा कडेला.

"असं का करता? पडाल एखाद्या दिवशी."

"मुद्दाम नाही करत गं. पण भिंतीच्या बाजूने ऊब येते. पाठीला बरं वाटतं."

५

त्यानंतरच्या दुपारची गोष्ट. बाबा काठी टेकत न्हाणीत गेले. तेवढ्यात मी त्यांची चादर बदलली, उशीचा अभ्रा बदलला, आणि खोलीतला गारवा निघून जाऊ नये म्हणून बाहेर येऊन दार ओढून घेतलं. हात सवयीचा गुलाम असतो. मी तीन ठोके दिले.

टण्.

"हां बाबा," मी म्हटलं आणि वाकून अजगर सरकवला. तो फटीला जाऊन चिकटला. मी सरळ झाले, दोन पावलं मशीनकडे टाकली, आणि मागे न्हाणीची कडी निघाली. बाबा दारात उभे होते. एक हात चौकटीला, दुसऱ्या हातात काठी.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. त्यांनीही ऐकलं होतं, ते तोंडावर दिसत होतं.

"पाइप तापून वाजला असेल," मी म्हणाले.

"असेल." बाबा स्टुलावर बसले. "पण आमचा नियम होता. उत्तर आलं तर दार लावायचं नाही. आत कोणीही असो."

मी दार उघडलं. बाबांसमोर भ्यायची लाज वाटली म्हणून उघडलं, खरं सांगायचं तर. खोलीत कोणी नव्हतं. पडदा, औषधांचं टेबल, एसी, खाट. मी आत्ताच घातलेली चादर, आणि तिच्यावर भिंतीच्या बाजूला लांबट खळगा. माझा स्वतःचा गुडघा टेकला असेल चादर खोचताना, असं मी ठरवून टाकलं. पण मी चादर खोचते ती उभ्यानेच.

बाहेर येऊन मी विचारलं, "बाबा, आई असेल का?" आई जाऊन सहा वर्षं झाली होती. असं काही विचारीन असं मला कधी वाटलं नव्हतं.

बाबांनी खरोखर विचार केला. "नाही," ते म्हणाले. "तुझी आई एका ठोक्यावर थांबली असती होय? चार वाक्यं ऐकवली असती आधी." मग हसू विरलं आणि ते हळूच म्हणाले, "आपण रोज दहा वेळा विचारत होतो, टाचणी. कोणी आहे का, कोणी आहे का. कोणीतरी उत्तर द्यायला शिकलं."

६

मी सांगितलं, त्या खोलीत तुम्ही आता जायचं नाही. शिवणाच्या खोलीत त्यांना आरामखुर्चीत बसवलं, पंखा अंगावर घेतला, ओला नॅपकिन मानेवर ठेवला. भिंतीवरच्या तापमापकात छत्तीस होते. बाबा कौतुकाने माझी धावपळ बघत राहिले. वीस मिनिटांत त्यांचे ओठ जांभळट झाले. नाडी माझ्या बोटांखाली अडखळत पळत होती.

डॉक्टर फोनवर जवळजवळ ओरडलेच. "घरात एसी असताना त्यांना बाहेर बसवलंय? वेड लागलंय का तुम्हाला? आत्ताच्या आत्ता गार खोलीत न्या. हलवायचंच असेल तर गार गाडीतूनच हलवा."

ताईला फोन केला. माझी मोठी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, तिच्याकडे दोन एसी. तिला मी धागा, पाणी, ठोका, काहीच सांगितलं नाही, फक्त म्हटलं की बाबांना आजच तुझ्याकडे ने.

"अगं पण झालं काय?"

"एसी बिघडलाय."

"मग मेकॅनिकला बोलव की."

"ताई, तू येतेस की नाही?"

माझं असं बोलणं तिने कधी ऐकलं नव्हतं. एसीची रुग्णवाहिका सहाला मिळेल असं तिने कळवलं. घड्याळात अडीच वाजले होते.

बाबांना मी माझ्या हातांनी परत त्या खोलीत नेलं. खाट भिंतीपासून ओढायला गेले, पण लोखंडी पाय फरशीच्या सांध्यात अडकले. तितक्यात बाबा खाली बसायला लागले, म्हणून ते सोडून त्यांना आधी आडवं केलं. दहा मिनिटांत ओठांचा रंग परत आला. त्यांना त्या खोलीची गरज होती, हे माझ्या डोळ्यांदेखत दिसत होतं, आणि त्याचाच मला सगळ्यात राग आला.

"तू जा, काम कर," बाबा म्हणाले. "मला भीती नाही वाटत."

"मला वाटते," मी म्हटलं. "दार लावायचंच आहे तर मी आतून लावीन."

मी दार लावलं. ठोके दिले नाहीत.

७

साडेतीन तास. मी खुर्ची खाटेला चिकटवून बसले आणि बाबांचा हात हातात घेतला. पडद्याच्या कडेने उन्हाची एक रेघ येत होती, एसी घुमत होता, आकड्यावर बावीस दिसत होते. मी चोवीसच लावले होते. बाबांना झोप लागली, तोंड माझ्याकडे. उशाजवळचा धागा भिंतीला चिकटत होता, सुटत होता. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिले.

चारला पीं पीं झालं. मी टाकी ओतायला उठले नाही. यंत्र थांबलं, म्हणजे थोड्या वेळाने उकडायला लागणार होतं, पण त्यासाठी बाबांचा हात सोडावा लागला असता. आता खोलीत शांतता होती. बाबांचा श्वास ऐकू येत होता, नाकातून, भराभर, मिनिटाला वीस. आणि त्याच्या मागे दुसरा. सावकाश.

मी स्वतःला समजावलं, भिंतीवरून परत येणारा आवाज आहे. पण परत येणारा आवाज आपली लय बदलत नाही.

बाबा झोपेतच कडेला सरकले. त्यांना मध्ये घ्यायला मी उठले, त्यांच्यावरून वाकले, आणि तेव्हा मला भिंत जवळून दिसली. त्या भिंतीला खालच्या अर्ध्या भागात तैलरंग होता, गुळगुळीत, फिका हिरवा. उशीपासून वीतभर उंचीवर त्या रंगावर वाफेचं एक गोल वर्तुळ होतं, वाटीच्या तोंडाएवढं. ते कडेकडून आकसत गेलं, जवळजवळ नाहीसं झालं, आणि पुन्हा उमटलं. धागा भिंतीला चिकटला. वर्तुळ आकसलं, धागा सुटला. आरशाला तोंड लावून श्वास सोडल्यावर उमटतं तसं.

बाबांचं तोंड माझ्याकडे होतं. माझं तोंड वर होतं, त्यांच्या खांद्यावर, आणि मी श्वास रोखून धरला होता. भिंत श्वास घेत नव्हती. भिंतीच्या आतूनही काही येत नव्हतं. बाबांच्या पाठीशी, खाटेच्या रिकाम्या अर्ध्या भागात, भिंतीकडे तोंड करून कोणीतरी पडलेलं होतं, आणि इतके दिवस मी त्याच्यावरून वाकून चादर खोचत होते.

मी हललेच नाही. हललं की त्याला कळेल असं वाटलं. वर्तुळ उमटलं, आकसलं. उमटलं, आकसलं. मी मोजत राहिले, कारण मोजण्याखेरीज डोकं दुसरं काही करायला तयार नव्हतं. अकरा. बारा. तेरा.

मग ते आकसलं आणि पुन्हा उमटलं नाही. भिंत कोरडी झाली. धागा सरळ लोंबत राहिला. क्षणभर मला इतकं हायसं वाटलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गेलं, मी म्हटलं, गेलं एकदाचं.

चादर खसखसली. भिंतीकडची, जिथे कोणी नव्हतं तिथली. खाटेची दांडी किंचित कुरकुरली, माणूस कूस बदलतो तेव्हा कुरकुरते तेवढीच. आणि बाबांच्या मानेवरचे पांढरे विरळ केस हळूच पुढे झुकले, थांबले, मागे गेले. पुन्हा पुढे झुकले.

"बाबा," मी म्हणाले. "उठा. बाबा, उठा, आपण जाऊ."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. पण त्यांचा श्वास बदलला. विसावरून सावकाश होत गेला, मागच्या श्वासाला गाठेपर्यंत, आणि मग दोन्ही एक झाले, मला वेगळे ऐकू येईनात.

मी त्यांच्या काखांत हात घातले. ऑपरेशननंतर बाबा इतके वाळले होते की मी त्यांना रोज एका हाताने वळवायची, दुसऱ्या हातात औषधाचा चमचा धरून. मी पाय फरशीला रोवले आणि दोन्ही हातांनी, सगळी ताकद लावून त्यांना माझ्याकडे ओढलं.

बाबा बोटभरही आले नाहीत.